ओली वाळू आपली, कोरडी वाळू कासवाची

दिवाळी संपली की नाशिकहून कोकणाकडे गाड्या सुटतात आणि पाठोपाठ तेच व्हिडिओ फोनवर फिरू लागतात. ओहोटीच्या वाळूत गोल गोल चकरा मारणारी मोठी गाडी, मग चाके रुतलेली तीच गाडी, मग दोरखंड लावून ओढणारा गावातला ट्रॅक्टर आणि मागे चढत येणारे पाणी. या गाड्यांत आपल्या नाशिकच्या, एमएच १५ च्या, पाट्याही असतात. त्यानंतरचा वादही आता पाठ झाला आहे. एक बाजू म्हणते, या वाळूत कासवे अंडी घालतात, पर्यटकांना किनाऱ्यावर बंदीच घाला. दुसरी म्हणते, कासवांचा एवढा पुळका असेल तर कोकणातल्या माणसाने खायचे काय? दोघेही किनारा म्हणजे एकसारखे पसरलेले वाळवंट समजून भांडतात, म्हणून वाद वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. समुद्रावर जावे, पोराबाळांना न्यावे, पाण्यात मनसोक्त खेळावे. मात्र भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू नोव्हेंबर ते मे या काळात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मोकळी आणि अंधारी ठेवावी, आणि गाडी वाळूवर कधीच उतरवू नये, ना दिवसा ना रात्री.

जागा आणि वेळ वाटून घेण्याची रीत नाशिकला कोणी शिकवायला नको. सिंहस्थात आधी स्नान कोणाचे यावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये एकेकाळी रक्तपात झाले. त्यावर पेशवाईत तोडगा निघाला: शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर नाहावे, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर. कोणाचे स्नान बंद झाले नाही, कोणाची श्रद्धा कमी ठरवली गेली नाही. आजही पर्वणीच्या दिवशी आखाड्यांचा क्रम आणि वेळ ठरलेली असते आणि ती पाळली जाते, कारण न पाळल्यास काय होते हे शहराला ठाऊक आहे. लाखोंची गर्दी एका अरुंद घाटावर ज्या हिशेबाने सामावते, तोच हिशेब मैलभर लांब पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लावायला काय हरकत आहे?

त्यासाठी आधी पुळण नीट पाहावी लागेल. पाण्याच्या काठापासून वर चालत गेले की पहिला पट्टा ओल्या, घट्ट वाळूचा. दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जातो. त्याच्यावर भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची, काटक्यांची, शिंपल्यांची वेडीवाकडी ओळ असते, तीच भरतीरेषा. तिच्या वर कोरडी, मऊ वाळू, आणि जिथे ती संपते तिथे केवडा आणि जांभळ्या फुलांची मर्यादवेल. किती नेमके नाव आहे! समुद्राची मर्यादा तिथे संपते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पाण्यातून निघून ओला पट्टा ओलांडते आणि नेमक्या त्या कोरड्या वाळूत, भरतीरेषा आणि मर्यादवेल यांच्या दरम्यान, दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा मागच्या वल्ह्यांनी खणते. शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. अंडी ४५ ते ६० दिवस वाळूच्या उबेवर राहतात. ऊब ३० अंशांच्या बरीच वर गेली तर जवळपास सगळ्या माद्या निपजतात, खाली राहिली तर नर. आणि फारच तापली तर काहीच निपजत नाही. ओल्या पट्ट्यात मात्र कासवाचे एकही घरटे टिकू शकत नाही, कारण पाण्याखाली अंडी गुदमरतात. म्हणजे मुलांना क्रिकेट खेळायला, किल्ले बांधायला, पाय बुडवून बसायला जो पट्टा सर्वांत चांगला, तोच कासवाला निरुपयोगी आहे. निसर्गाने वाटणी आधीच करून ठेवली आहे.

ओला पट्टा कधी रुंद मिळेल, हे कोकणातली जुनी माणसे बोटांवर सांगतात: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदरात थोडा फरक पडतो, पण सहल ठरवायला पुरेसा आहे. आणखी एक गोष्ट त्यातून निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सूर्यास्ताच्या वेळी पुळण सर्वांत रुंद असते, सगळ्यांना ओल्या वाळूवर जागा मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार वर चढत नाही, पण नेमके संध्याकाळीच भरलेले असते, आणि सगळी गर्दी कोरड्या वाळूवर ढकलली जाते. नाशिकहून निघण्यापूर्वी आपण हॉटेलचे दर चार ठिकाणी तपासतो. कालनिर्णयावरची तिथी तपासायला अर्धा मिनिट लागतो.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे. पहिला रोजीरोटीचा, आणि तो खराच आहे. कोकणातल्या बागायतीला दरवर्षी भाव मिळतोच असे नाही, मासळी कमी झाली आहे, आणि घरी दोन खोल्या काढून पाहुणे ठेवणाऱ्या बाईचा संसार त्या पाहुण्यांवर चालतो. पर्यटक हटवले तर कासवही वाचणार नाही, हेसुद्धा मी मान्य करतो. मंडणगड तालुक्यातले वेळास, नाना फडणवीसांचे मूळ गाव, याचा पुरावा आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केले, तेव्हा घरट्यातली अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जात होती. पुढे गावातल्या लोकांनी घरटी राखली, पिल्ले पाहायला पाहुणे येऊ लागले, घरोघरी उकडीचे मोदक आणि मुक्काम सुरू झाला, आणि अंडे खाण्यापेक्षा राखणे फायद्याचे ठरले. पण वेळासला हे साधले ते कशामुळे? घरटी दोरीच्या आत आहेत, पिल्ले ठराविक वेळी सोडली जातात, माणसे दोरीबाहेर उभी राहतात आणि गाडी वाळूपासून लांब थांबते. ज्या उदाहरणाच्या जोरावर ‘पर्यटन हवे’ म्हटले जाते, ते उदाहरणच नियमांवर उभे आहे.

दुसरा मुद्दा गाड्यांच्या बाजूने केला जातो. मासेमार होड्या ओढतात, बैलगाड्या जातात, केरळात मुळप्पिलंगाडला तर मुद्दाम गाडी चालवायला किनारा आहे. मग आम्हीच काय पाप केले? कोणी कोणी असेही विचारतो की मादी स्वतः अंडी घातल्यावर पोटाने वाळू ठोकून बसवते, मग गाडीने दबली तर काय बिघडले? प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर तपशिलाने देतो. मादीचे वजन चाळीसेक किलो आणि ती खड्डा बुजवताना एकदा ठोकते. गाडी दीड-दोन टनांची, आणि तिचे वजन चार चाकांच्या तळहाताएवढ्या ठशांतून खाली उतरते. वाळू घट्ट बसली की कणांमधली हवा जाते. अंड्यांतली पिल्ले त्याच हवेवर श्वास घेतात. अंडी फुटल्यावर पिल्ले एकटी बाहेर पडत नाहीत; सगळी मिळून छताची वाळू खाली पाडत, तिच्यावर चढत दोन-तीन दिवसांत वर येतात. वरचा थर दबून कडक झाला असेल तर ती आतच दमून मरतात.

आणि वर आली तरी सुटका नाही. पिल्लाचे कवच चारेक सेंटिमीटर, वजन वीसेक ग्रॅम. कोरड्या वाळूत गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी चार-सहा इंच खोल असते, तिच्या कडा ढासळत्या. पिल्लू तिच्यात पडते, कडेवर चढते, वाळूसकट पुन्हा घसरते. समुद्र समोर असताना ते चाकोरीच्या तळाने आडवे चालू लागते, कारण तीच एक वाट मोकळी दिसते. तासाभरात ऊन चढते, कावळे येतात, पांढुरका खेकडा बिळातून निघून पाय धरतो. बैलगाडीचेही चाक पडते, हे खरे. पण गावची गाडी दिवसा ठरल्या वाटेने एकदा जाते आणि गाडीवानाला घरटी कुठे आहेत ते माहीत असते. मुळप्पिलंगाडलाही एक पट्टा ठरवून दिलेला आहे. ‘ठरवून दिलेला एक पट्टा’ आणि ‘वाटेल तिथे’ यांतला फरक हाच तर माझा मुद्दा आहे. शिवाय रुतणाऱ्या गाडीचे कारण समजून घेतले तर हौस आपोआप ओसरेल. ओहोटीची ओली वाळू टणक लागते, कारण कणांमधले थोडे पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून धरते. भरती वळली आणि खालून पाणी भरले की कण सुटे होतात. थांबलेली गाडी जागच्या जागी खचते. मग चाक फिरवले की खड्डा खोल, इंजिनाखाली खारे पाणी, आणि बेअरिंग, ब्रेक, वायरिंग यांचा खर्च वर्षभर निघत राहतो.

रात्रीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आणि चर्चेत सर्वांत कमी येणारा. आपल्या सहलीचा मोसम म्हणजे नाताळ, थर्टी फर्स्ट, २६ जानेवारी, होळी, उन्हाळी सुट्टी. कासवाचा मोसम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च अंडी, आणि साधारण मे पर्यंत पिल्ले. दोन्ही एकावर एक बसतात, म्हणून महिन्यांची बंदी घातली तर कोकणचा सगळा धंदा बुडेल आणि कोणी ती पाळणारही नाही. पण तासांकडे पाहा. मादी रात्री येते. पिल्ले बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू थंड झाली की निघतात. माणसाला समुद्र हवा असतो तो सकाळी आणि सूर्यास्तापर्यंत. खरी टक्कर फक्त रात्रीची आहे. डीजे, शेकोटी आणि रिसॉर्टच्या फोकसची. पिल्लू घरट्यातून निघाले की सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालते. लाखो वर्षे ते क्षितिज समुद्राचेच होते. आज ते मागच्या कुंपणावरच्या पांढऱ्या एलईडीचे असते, आणि पिल्लू समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे जाते. उपाय महाग नाही. समुद्राकडे तोंड केलेले दिवे बंद ठेवणे, बाकीचे कमरेच्या उंचीवर आणि वरून टोपी घातलेले, पांढऱ्या-निळसर दिव्याऐवजी ५६० नॅनोमीटरच्या वरच्या तरंगलांबीचा तांबूस-पिवळा, आणि समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे. शेकोटी करायचीच असेल तर अंगणात. कोरड्या वाळूवरच्या जाळाखाली दीड फुटावर कोणाची अंडी आहेत हे वरून कळायला काहीच मार्ग नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. कासवे मरतात ती ट्रॉलरच्या जाळ्यांत, किनारे बुडतात ते बंदरांच्या भरावाखाली. भेळ खाणाऱ्या कुटुंबाला कशाला धरता? यातला पहिला भाग निर्विवाद आहे. जाळ्यातून कासव निसटून जावे म्हणून बसवायची खिडकी आपल्या बहुतेक ट्रॉलरवर नाही, आणि त्याच कारणाने अमेरिकेने २०१९ पासून आपल्याकडची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. नाशिकला जवळचा समुद्र म्हणजे जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी. तो तालुका केंद्राने १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यावर बोललेच पाहिजे. पण ‘मोठा चोर मोकळा आहे’ म्हणून छोट्या चोरीला परवानगी कशी मिळते? उलट, मोठ्या कामांनी जितक्या पुळणी जातील तितकी उरलेल्या पुळणींची किंमत वाढते. आणि ज्याने स्वतः वाळूवर गाडी फिरवली त्याने बंदराविरुद्धच्या अर्जावर सही केली, तर सरकारी टेबलामागचा माणूस ती किती मनावर घेईल?

जे चांगल्या मनाने केले जाते त्याचीही झाडाझडती घ्यायला हवी. किनारा स्वच्छता मोहिमा नाशिकच्या महाविद्यालयांतूनही जातात, आणि त्यामागच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. मात्र दंताळ्याने किंवा यंत्राने किनारा ‘लख्ख’ करणे ही चूक आहे. भरतीरेषेवरचे ओले शेवाळ, लाकडाचे तुकडे, रिकामे शंख हा कचरा नव्हे. त्याखाली वाळूतल्या पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक जीव राहतात, त्यांच्यावर चिखल्या आणि तुतवार हे काठावरचे छोटे पक्षी जगतात, आणि त्याच ओळीत अडकून वाळूचे कण साठतात, ज्यातून पुढे टेकाडे होतात. रिकामा शंख साधुखेकड्याचे घर होतो. आपण तो शोकेससाठी उचलतो. तेव्हा हाताने वेचावे: प्लास्टिक, काच, थर्माकोल, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे. अर्धे पुरलेले जाळे हिसडून ओढू नये, दिसते तेवढे कात्रीने कापावे. खाली काय आहे सांगता येत नाही. कोरड्या पट्ट्यात दंताळे, फावडे, खुंट्या ठोकून लावलेली छत्री, यातले काहीच नको.

आणि खाण्याचे उरलेसुरले तर अजिबात मागे ठेवू नये. त्याची साखळी फार लोकांच्या लक्षात येत नाही. वडापावच्या तुकड्यांवर भटकी कुत्री आणि कावळे वाढतात, पर्यटक परतले की तीच कुत्री रात्री घरटी उकरतात. बोटीवरून कुरव पक्ष्यांना चिवडा उधळणे हाही असाच प्रेमळ अपराध. नाशिकचा चिवडा आपल्याला प्रिय आहे, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला मीठ आणि तळण नको, मासा हवा. चिखल्या-तुतवारांचे आणखी वेगळे. ओहोटीत ते ओल्या वाळूत चरतात, भरतीला चरण्याची जागा बुडाली की थव्याने पुळणीच्या वरच्या टोकाला एका पायावर विसावतात. मुलांना त्या थव्यावर धावून जाऊन तो उडवायला मजा वाटते, मोठी माणसे व्हिडिओ काढतात. प्रत्येक उड्डाणात परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. पन्नास-साठ पावले लांबून वळसा घालावा. पक्ष्यांनी माना वर केल्या तर आपण जास्त जवळ आलो, एवढी खूण पुरे.

‘आपण डोंगरावरची माणसे, समुद्राशी आपला काय संबंध’ हे वाक्यही नाशिकमध्ये सहज बोलले जाते. भूगोल वेगळे सांगतो. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी गोदावरी १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते; दमणगंगाही आपल्याच जिल्ह्यातली. मध्ये धरणे आहेत, तेव्हा रामकुंडावर सोडलेली पिशवी थेट आंध्रच्या किनाऱ्याला लागेल असे मी म्हणणार नाही. पण आपण दोन समुद्रांच्या माथ्यावर बसलो आहोत, आणि ते दोन समुद्र कासवाच्या लेखी वेगळे नाहीत. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली.

नियम लोक पाळत नाहीत, कागदावरच राहतात, हा शेवटचा आक्षेप. कागद भरपूर आहेत हे कबूल. १९९१ पासून भरतीरेषेच्या आतल्या ५०० मीटरवर किनारा नियमन अधिसूचना आहे, २०१९ च्या सुधारित अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक वर्गात आहेत, वन्यजीव कायद्यात ऑलिव्ह रिडले पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. तरी गाड्या उतरतात, कारण प्रत्येक पुळणीवर शिपाई उभा करता येत नाही. पण आपल्याच निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर पाहा. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावला पक्षी पाहायला जाणारा माणूस पाण्यात उतरत नाही, मनोऱ्यावरून किंवा गावातल्याच गाइडच्या दुर्बिणीतून पाहतो. शिपायाच्या धाकापेक्षा गाइडची भीड तिथे जास्त काम करते. पुळणीवरही तेच हवे: वाळूकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी गाडी शिरणार नाही असे दगडी खांब, शंभर पावलांवर पार्किंग, त्याची पावती ग्रामपंचायतीची, आणि त्याच पैशातून हंगामभर दोन-तीन राखणदारांचा पगार. यात मुंबईहून येणाऱ्या आदेशाची वाट पाहण्यासारखे फारसे काही नाही.

आपल्या हातातले थोडे नेमके सांगतो. रात्री फिरताना कासव वर येताना दिसले तर टॉर्च आणि फोन बंद करून जागीच खाली बसावे. पाण्यातून निघताना चाहूल लागली तर ती अंडी न घालता परत फिरते. सकाळी वाळूत ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग दिसला तर उकरू नये, गावात सांगावे. अंडी हलवण्याचे काम जाणत्यांचे आहे: घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, त्यानंतर अंडे फिरवले की तो मरतो. जखमी कासव वाहून आले, आणि पावसाळ्यात डहाणूच्या बाजूला ती बरीच येतात, तर पुण्य म्हणून पाण्यात ढकलू नये. दमलेले कासव बुडून मरते. त्याला सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या राहू द्याव्यात, खायला काही देऊ नये, गोड्या पाण्यात ठेवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले सोडताना पाहायला मिळाली तर त्यांच्या मागे उभे राहावे, त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये नाही. हातात घेऊन पाण्यात ठेवण्याचा मोह आवरावा. ती दहा-वीस फुटांची सरपट त्यांची स्वतःची असते.

आणि खोली ठरवताना फोनवर आपण हमखास विचारतो, समुद्र दिसतो का, एसी आहे का, मासे ताजे मिळतील ना. त्यात एक प्रश्न वाढवावा: रात्री समुद्राकडचे दिवे बंद करता का? पहिल्या गिऱ्हाइकाला मालक गोंधळून काहीतरी उत्तर देईल. नाशिकहून चौथ्या फोनवरही तोच प्रश्न आला, तर तो शिडी लावून कुंपणावरचा फोकस उतरवून ठेवेल.